वरच्या खोलीत नेट का अडकतं? वायफायचे शब्द मुळापासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात दुमजली घर, खाली हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात राउटर, प्लॅन १०० एमबीपीएसचा. खाली सगळं नीट चालतं, पण वरच्या खोलीत मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकतो. दुकानदार म्हणतो ड्युअल बँड घ्या, नेटवाला म्हणतो ३०० चा प्लॅन करा, भाचा म्हणतो मेश लावा. पैसे घालण्याआधी हे शब्द समजून घ्यायचे आहेत. ब्लूटूथ वगैरेंचाही ओझरता उल्लेख आहे.

हा क्रम अगदी बरोबर आहे. मी गेली एकवीस वर्षं पुणे आणि आसपासच्या गावांत घरं, दवाखाने, शाळा आणि गोदामं यांची नेटवर्क लावतोय. शब्द न कळल्यामुळे लोकांनी भलत्याच ठिकाणी घातलेले पैसे मी फार बघितलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी इंटरनेट आणि वायफाय या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा. रस्त्यावरून काचेच्या तंतूची बारीक केबल घरात येते, ती फायबर. ती ज्या डब्यात शिरते तो ओएनयू. प्रकाशाचा सिग्नल तो विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो. त्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला तर प्रकाशच येत नाहीये, म्हणजे काम नेटवाल्याचं. तिथून पुढे राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता, म्हणजे ओळखीचा क्रमांक, देतो आणि सगळ्यांची ये-जा एकाच कनेक्शनवरून चालवतो. राउटरपासून फोनपर्यंतचा शेवटचा वीस-तीस फुटांचा प्रवास हवेतून होतो, आणि वायफाय म्हणजे फक्त तेवढाच तुकडा. हल्ली ओएनयू, राउटर आणि वायफाय एकाच डब्यात येतात, म्हणून तिन्ही एकच वाटतात.

आता लॅपटॉप वायरने त्या डब्याला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. वायरवर ९०-९५ एमबीपीएस आले तर प्लॅन ठणठणीत आहे. मग ३०० चा प्लॅन घेऊन वरच्या खोलीत काडीचाही फरक पडणार नाही, कारण अडचण नेट घरात येण्यात नाहीये, ते जिन्यावरून वर चढण्यात आहे. टाकी भरलेली आहे, वरच्या नळाला दाब नाही. अशा वेळी आपण टाकी मोठी करत नाही.

एक हिशेब इथेच सांगतो. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. त्यातला 'बी' म्हणजे बिट, आणि फाइलचा आकार मोजतो तो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साधारण साडेबारा एमबी उतरतात, एक जीबीची फाइल दीड मिनिटाच्या आत. लोक डाउनलोडचा साडेबाराचा आकडा बघतात आणि फसवणूक झाली म्हणतात. तशी ती झालेली नसते. मुलीच्या व्हिडिओ क्लासला तीन-चार एमबीपीएस पुरतात. मात्र ते सलग मिळायला हवेत. मधेच दोन सेकंद काहीच आलं नाही की चित्र थिजतं. हा अडथळा वेगाच्या आकड्यात दिसत नाही. तो दिसतो लेटन्सीत, म्हणजे आपण हाक मारल्यापासून ओ यायला लागणाऱ्या वेळात, आणि त्या वेळाच्या चढ-उतारात.

आता बँड. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात, २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ. (हा '५ जी' मोबाइलचा फाइव्ह-जी नव्हे, तिथे जी म्हणजे पिढी, इथे गीगाहर्ट्झ. राउटरच्या नावापुढे '५जी' दिसलं म्हणून सिमचं फाइव्ह-जी आलं असं समजणारे खूप भेटतात.) २.४ च्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ ची सहा. लांब लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी निघते, आखूड लहर जास्त जिरते. म्हणून २.४ लांब पोचतं पण हळू असतं, आणि ५ वेगवान असतं पण दोन भिंतींत दमतं. दोन्ही पट्टे चालवणारा राउटर तो ड्युअल बँड. आज नवीन राउटर घेताना याहून कमी घेऊच नये. पण तो टीव्हीच्या कपाटातच ठेवणार असाल तर त्या ५ गीगाहर्ट्झचा वरच्या खोलीला फारसा उपयोग नाही.

हे पट्टे वापरायला आपल्याला लायसन्स लागत नाही, आणि या गोष्टीचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. भारतात २.४ चा पट्टा २००५ साली लायसन्समुक्त झाला, ५ गीगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. मोबाइल कंपन्या त्यांच्या लहरींसाठी लिलावात हजारो कोटी मोजतात आणि तिथे दुसरं कुणी बोलू शकत नाही. आपल्या पट्ट्यात मात्र शेजारी, ब्लूटूथचे हेडफोन, काही सीसीटीव्ही कॅमेरे, सगळे एकत्र असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४५ गीगाहर्ट्झवरच अन्न तापवतो. रोज जेवणाच्या वेळीच नेट तुटतं अशी तक्रार आली की मी आधी स्वयंपाकघरात डोकावतो.

या गर्दीतून वाट काढायला चॅनेल असतात. २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांपासून फक्त पाच मेगाहर्ट्झवर बसवलेत आणि एक वायफाय जागा घेतं वीस मेगाहर्ट्झची. म्हणजे चॅनेल ३ वरचा राउटर १ वरच्यालाही त्रास देतो आणि ६ वरच्यालाही. एकमेकांना न घासणारे तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत एखादा हुशारीने ४ लावतो आणि दोन्हीकडची शांतता घालवतो. राउटरमध्ये २.४ साठी चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० केलं तर जवळजवळ अर्धा पट्टा एकटेच अडवून बसाल. ५ गीगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे, तिथे ८० चालतं. तिथले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरने तो चॅनेल सोडायचा असा नियम आहे, आणि त्या वेळी सगळ्यांचं नेट क्षणभर तुटतं. घरासाठी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला धरा.

आता जी गोष्ट समजली की बाकीचं आपोआप उलगडतं ती सांगतो. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. ग्रामसभेत एकच माइक असावा तसं. राउटर बोलतोय तोवर सगळे फोन गप्प. एक फोन बोलतोय तोवर राउटरही गप्प. बोलण्याआधी प्रत्येक जण कान देऊन ऐकतो, शांतता दिसली की थोडं थांबून बोलतो. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि पुन्हा सांगावं लागतं. लांबच्या खोलीतला अशक्त सिग्नलचा फोन फार हळू बोलतो, म्हणजे तेवढ्याच मजकुराला माइक दहापट वेळ धरून बसतो, आणि त्यामुळे राउटरशेजारी बसलेल्याचं नेटसुद्धा मंदावतं. तुमच्या घरी वर क्लास अडकत असताना खाली टीव्हीवरही मधूनच थांबल्याचं गोल चक्र फिरत असेल, तर त्याचं कारण हेच. वायफायमध्ये खरी तुटपुंजी गोष्ट म्हणजे हवेतला वेळ. म्हणून टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर अशा जागेवरून न हलणाऱ्या वस्तू मी नेहमी वायरवर घेतो. त्या बाजूला झाल्या की फोनांना हवा मोकळी मिळते.

सिग्नल मोजायचं माप डीबीएम. फोनच्या डोक्यावरच्या तीन-चार काड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारची फुकट ॲप मिळतात, त्यांत आकडा दिसतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका बरा. -५० म्हणजे उत्तम, -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात चालतो, -७५ च्या खाली रडकथा सुरू होते, -८५ ला फक्त नाव दिसतं. दहा डीबीचा फरक म्हणजे दहापट शक्ती.

मागच्या पावसाळ्यात कोथरूडला एका दुमजली बंगल्यात तुमच्यासारखंच प्रकरण होतं. राउटर टीव्ही युनिटच्या आत, सेट-टॉप बॉक्सच्या मागे, वर सजावटीच्या पितळी मूर्ती. मी फोन हातात धरून घरभर फिरलो. सोफ्यावर -४२, जिन्याच्या वळणावर -६१, वरच्या खोलीत अभ्यासाच्या टेबलावर -७८. मधे आरसीसी स्लॅब होता, म्हणजे काँक्रीट आणि त्यात विणलेल्या लोखंडी सळ्या, आणि लहरींच्या वाटेवर नेमकं आरशाचं लोखंडी कपाट. आरशामागचा धातूचा थर आणि कपाटाचा पत्रा, दोन्ही लहरी परत फेकतात. आम्ही सात मीटर वायर ओढून राउटर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, सहा फुटांवर भिंतीला लावला. त्याच टेबलावर -६० आला. अठरा डीबीचा फरक, म्हणजे साठपटीहून जास्त शक्ती, आणि राउटर तोच जुना. त्या घरातल्या आजोबांनी आकडा वहीत लिहून ठेवला, तारखेसकट.

भिंतीभिंतीत फरक असतो. अर्ध्या विटेची भिंत थोडंच खाते. वाड्यांच्या दीड-दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंती ५ गीगाहर्ट्झ जवळपास पुरतं अडवतात. पत्र्याच्या शेडमध्ये लहरी आतल्या आत आपटत राहतात. पाणीही लहरी शोषतं, त्यामुळे फिश टँकमागे राउटर ठेवू नका. राउटरच्या अँटेना सगळ्या उभ्या ठेवल्या तर लहरी आडव्या दिशेला, एखाद्या मेदूवड्याच्या आकारात पसरतात आणि थेट डोक्यावर कमी जातात. दुमजली घरात एखादी अँटेना आडवी करून बघा. सहा अँटेनांचा राउटर घेतला म्हणजे दुप्पट लांब पोचतो असं मात्र नाही. राउटरचा आवाज मोठा असला तरी फोनलाही परत बोलायचं असतं, आणि त्याची ताकद फार थोडी.

राउटरच्या खोक्यावरच्या आकड्यांनी लोक सर्वात जास्त चकतात. 'एसी १२००' (एसी हे वायफायच्या एका पिढीचं नाव) म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, दोन्हींची बेरीज वर गोल केलेली. एक फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो, म्हणून १२०० त्याला कधीच मिळत नाही. ८६७ हाही कागदावरचा वेग. चांगल्या परिस्थितीत त्याचा अर्धा किंवा थोडा जास्त प्रत्यक्ष हाती येतो. आणि कितीतरी स्वस्त 'एसी १२००' राउटरांच्या मागची वायरची भोकं १०० एमबीपीएसचीच असतात, त्यामुळे ३०० चा प्लॅन घेतलात तरी आत शिरणार ९५. खोक्यावर 'गिगाबिट पोर्ट' (म्हणजे १००० एमबीपीएसचं भोक) हे शब्द शोधा. नेटवाल्याचा मोठा प्लॅन घेण्याआधीही हेच बघा.

पिढ्यांची नावं एका दमात सांगतो. पहिलं मानक, आयईईई ८०२.११, १९९७ चं, वेग दोन एमबीपीएस. १९९९ मध्ये ११ एमबीपीएसचं 'बी' आलं. 'वायफाय' हे नावही त्याच काळात इंटरब्रँड या नावं घडवणाऱ्या कंपनीने तयार केलं. ते कशाचंही संक्षिप्त रूप नाही. २००९ चं 'एन' म्हणजे आजचं वायफाय ४, २०१३ चं 'एसी' म्हणजे वायफाय ५, 'एएक्स' म्हणजे ६ आणि 'बीई' म्हणजे ७. हे सोपे आकडे २०१८ पासून आले, आणि बरं झालं आले. वायफाय ५ फक्त ५ गीगाहर्ट्झवर सुधारणा करतं. वायफाय ६ दोन्ही पट्ट्यांवर. ६ मधली मोलाची गोष्ट म्हणजे ओएफडीएमए: माइकच्या एकाच पाळीत चॅनेलचे लहान तुकडे पाडून चार-पाच उपकरणांचं बोलणं एकदम उरकतं. दहा-पंधरा उपकरणं असलेल्या घरात हा फरक जाणवतो. पण फोनही वायफाय ६ चा हवा. जुना फोन नव्या राउटरशी जुन्याच भाषेत बोलतो. राउटर घेणारच असाल तर ६ चा घ्या. ७ साठी तुमच्या घरात आज काही कारण मला दिसत नाही.

आता भाच्याचा मेश. लांबच्या खोलीत सिग्नल न्यायचे तीन मार्ग आहेत. पहिला एक्सटेंडर किंवा रिपीटर: ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. एकच माइक असल्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते आणि वेग निम्म्यावर येतो. लोक तो लावतातही चुकीच्या जागी, जिथे रेंज नाही नेमक्या त्या खोलीत. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथे -६५ च्या आसपास मिळतंय तिथे. दुसरा मेश: दोन-तीन डबे एकाच नावाने चालतात, आपापसात वाट ठरवतात आणि फोनला एका डब्याकडून दुसऱ्याकडे जायला मदत करतात. चांगली गोष्ट आहे, पण डब्यांमधला दुवा हवेतूनच असेल तर स्लॅबची अडचण तशीच उरते. तिसरा ॲक्सेस पॉइंट: वरच्या मजल्यापर्यंत वायर न्यायची आणि तिथे वायफायचा दुसरा डबा लावायचा. मला विचाराल तर हाच. वायरने जोडलेला साधा ॲक्सेस पॉइंट हवेतून जोडलेल्या महागड्या मेशला घरात भारी पडतो, हे मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलंय.

तुमच्याकडे जुना राउटर पडून असेल तर तोच ॲक्सेस पॉइंट होतो. सेटिंगमध्ये 'एपी मोड' निवडा. तो पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी पत्ते वाटायची सोय, बंद करा, त्याला खालच्या राउटरच्याच रांगेतला मोकळा आयपी द्या आणि वायर वॅनच्या (बाहेरून नेट यायच्या) नव्हे तर लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) भोकात घाला. हे चुकलं तर एकाच घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. नेट चालतं, पण वरच्या फोनला खालचा प्रिंटर सापडत नाही. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा, चॅनेल वेगळे: खाली १, वर ६. फोन जिना चढताना कधी कधी खालच्यालाच चिकटून राहतो. कुठला डबा धरायचा हे फोनच ठरवतो, राउटर नाही. खालच्याची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल फेकायची ताकद, एक पायरी कमी केली की तो लवकर सोडतो.

वायर कॅट-सिक्स घ्या, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर सर्रास मिळते. ती सुरीने खरवडली की आतून पांढरी दिसते. शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नीट चालतं. आणि आठही तारा जोडून घ्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हाच क्रम दोन्ही टोकांना. घाईत असलेला माणूस चारच तारा क्रिंप करतो, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवतो. चार तारांवर नेट चालू होतं, पण वेग १०० च्या वर कधीच जात नाही, आणि वर्षांनंतर मोठा प्लॅन घेतल्यावर कुणाला कारण सापडत नाही. फायबरची केबल मात्र स्वतः हलवू नका. ती जोरात वाकवली की प्रकाश बाहेर गळतो. ओएनयू जागेवर राहू दे.

सुरक्षेचं थोडक्यात. तुमच्या नेटवर्कचं जे नाव फोनवर दिसतं ते एसएसआयडी. ते ३२ बाइटांत बसवावं लागतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रेसकट. म्हणून 'सातारकर' बसतं, पण लांबलचक मराठी नाव मधेच तुटतं. कुलूप, म्हणजे पासवर्डमागची सुरक्षा पद्धत, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ चं ठेवा. जुनं डब्ल्यूईपी २००१ सालीच फुटलंय. बटणाने जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करा, त्याच्या पिनमधली खोट २०११ पासून जगजाहीर आहे. आणि राउटरच्या आत शिरायचा ॲडमिन पासवर्ड तरी बदला; तो खाली चिकटवलेल्या स्टिकरवर असतो आणि बहुतेक घरांत तोच चालू असतो. एसएसआयडी लपवून सुरक्षा वाढत नाही, फक्त पाहुण्यांना त्रास होतो. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा.

ब्लूटूथ वगैरेंचाही तुम्ही ओझरता उल्लेख केलाय. ब्लूटूथ त्याच २.४ मध्ये राहतं, पण एका जागी न थांबता चॅनेल बदलत उड्या मारतं, म्हणून वायफायला फारसं आडवं येत नाही. एनएफसी, म्हणजे कार्ड टेकवून पैसे देतो ते, १३.५६ मेगाहर्ट्झवर जेमतेम चार सेंटिमीटर चालतं. इतकं जवळ यावं लागतं हीच त्याची सुरक्षा. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरीच नसते, टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवरच तो जागा होतो आणि उत्तर देतो.

तर तुमच्या घरी या रविवारी एवढं करा. वायरने स्पीड टेस्ट घ्या. राउटर कपाटाबाहेर काढा (ओएनयू त्याच डब्यात असेल तर नेटवाल्याकडून), जितका उंच ठेवता येईल तितका ठेवा, २.४ चा चॅनेल १, ६, ११ यांतला सर्वात कमी गर्दीचा निवडा. मग मुलीच्या टेबलावर फोन ठेवून डीबीएम बघा, दार बंद करूनही बघा, कारण क्लास ती दार लावूनच करते. आकडा -६५ च्या आत आला तर दुकानात जायची गरजच नाही. नाही आला तर जिन्याच्या कडेने केसिंग पट्टीतून कॅट-सिक्स वर न्या आणि जुना राउटर तिथे एपी मोडवर लावा. फक्त पट्टीचं झाकण बसवण्याआधी केबल टेस्टरवर (तारांची जोडणी तपासायच्या यंत्रावर) एकापाठोपाठ आठही दिवे लागताना स्वतः उभं राहून बघा.